आष्टी-चिमूरनंतर बायांना कोणी विचारलं?



दरवर्षी १६ ऑगस्टला आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीत शहिदांना मानवंदना देतात. आष्टीला आपण नुसतं आष्टी म्हणत नाही, शहीद आष्टी म्हणतो. त्या दिवशी शाळेची पोरं घोषणा देतात, भाषणं होतात, १९४२ ची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट बहुतेक वेळा गोळीबारापाशी संपते. आज आम्ही गटाच्या बाया तुमच्याशी बोलणार आहोत ते गोळीबारानंतरच्या दिवसांबद्दल. धूर विझल्यावर गावात कोण राहिलं? काय झालं हे कोणी कोणाला विचारलं? आणि शांतता झाली असं जेव्हा जाहीर झालं, तेव्हा ती कोणी ठरवली?

आधी थोडी उजळणी करू. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजी आणि सगळे मोठे पुढारी पकडले गेले. सेवाग्रामच्या आश्रमातले बापू पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत गेले, पाठोपाठ कस्तुरबाही. पुढारी आत गेल्यावर लोकांनीच आंदोलन हातात घेतलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या वेळी सगळा विदर्भ जागा केला होता. १६ ऑगस्ट म्हणजे नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी आष्टीला लोक मिरवणुकीने पोलीस ठाण्यावर गेले. ठाण्यावर तिरंगा लावायचा होता. गोळीबार झाला, गावकरी पडले. चिडलेल्या लोकांच्या हातून ठाणेदारासकट पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरलाही असंच घडलं. तिथे बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीला बळी पडला आणि जमावाकडून सरकारी अधिकारी मारले गेले. पुढे २८ ऑगस्टला तुकडोजी महाराजांनाही अटक झाली.

इथवरची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आता पुढचं ऐका.

चिमूरला दोन-तीन दिवसांत फौज पोचली. गावातले पुरुष धरले गेले, काही रानात पळाले. घरात राहिल्या बाया, म्हाताऱ्या आणि लेकरं. फौजेने घरं लुटली आणि बायांवर बलात्कार केले. हा शब्द रेडिओवर बोलताना जीभ अडखळते. पण तो टाळून ‘गैरवर्तन’, ‘अब्रूवर घाला’ असं बोलत राहिलं की काय झालं ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणून आम्ही तोच शब्द वापरतो.

सरकारी कागदात याची नोंद होणार नव्हती. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. कोण विचारणार? विचारायला आल्या त्या नागपूरच्या बाया. रमाबाई तांबे आणि त्यांच्या सोबतिणी सप्टेंबर महिन्यात चिमूरला गेल्या, बायांना भेटल्या, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. नागपूरचे डॉ. मुंजेही तिथे जाऊन आले आणि त्यांनी जाहीरपणे सांगितलं. रमाबाई आणि मुंजे, दोघांनाही जे ऐकायला मिळालं ते एकसारखं होतं.

मैत्रिणींनो, चिमूरच्या त्या बायांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघा. नवरा तुरुंगात आहे, पोरगं रानात आहे, घरातलं धान्य गेलं आहे. गावात अजून फौजेची भीती आहे. अशा वेळी अनोळखी शहरातल्या बाया येतात आणि विचारतात, तुमच्यावर काय झालं? १९४२ साली, आपल्या विदर्भातल्या एका गावात, लग्नाच्या बाईने तोंड उघडून हे सांगायचं म्हणजे काय! सासर काय म्हणेल, नवरा सुटून आल्यावर घरात ठेवेल की नाही, लेकीचं लग्न जमेल की नाही. आज सुद्धा आपल्याकडे बाई हे सांगायला धजत नाही. त्या बाया बोलल्या. आमच्या मते १९४२ च्या लढ्यातली ती एक मोठी हिंमत होती. पण त्यांचा सत्कार कोणी केला नाही.

आता गोष्ट आपल्या सेवाग्रामला येते. आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी राहत होते. हा माणूस विलक्षण होता. कॉलेजची प्राध्यापकी सोडून त्यांनी कडक साधना केली होती, कित्येक वर्षं मौनात काढली होती. नागपूर जिल्ह्यात सावनेरजवळ त्यांच्या नावाचं गाव आहे, टाकळी भन्साळी. चिमूरच्या बायांची हकिकत ऐकून ते दिल्लीला गेले. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळींनी त्यांना म्हटलं, तुम्ही आपल्या भागातले, तुम्ही चिमूरला चला आणि चौकशी करा. ते जमलं नाही. तेव्हा भन्साळी उपासाला बसले. त्यांना दिल्लीतून काढलं, सेवाग्रामला आणलं. ते चिमूरकडे पायी निघाले, तर पुन्हा धरून परत आणलं. उपास चालूच राहिला.

मागणी साधी होती. चिमूरच्या बायांवर जे झालं त्याची चौकशी करा. सरकारने आरोप मान्य केले नाहीत, चौकशीही नाकारली. उपासाची बातमी छापायला सुद्धा बंदी घातली. तेव्हा देशातल्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस अंक न काढून निषेध केला. मद्रास आणि मुंबईच्या वाचकांच्या हाती त्या दिवशी पेपर आला नाही, आणि त्यामागे चिमूरसारखं एक लहान गाव होतं. इतकी त्या बायांच्या शब्दाची ताकद होती.

१२ जानेवारी १९४३ ला, ६३ दिवसांनी उपास सुटला. डॉ. ना. भा. खरे यांनी मधे पडून तडजोड घडवली. बातमी दडपण्याचा सरकारचा हट्ट सुटला, भन्साळींचा जीव वाचला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पण ज्या चौकशीसाठी हा सगळा खटाटोप होता, ती चौकशी झालीच नाही.

भन्साळींचं मोठेपण यात जराही कमी होत नाही. बायांवरच्या अत्याचारासाठी एका पुरुषाने ६३ दिवस जीव पणाला लावला, असं आपल्या देशात फार वेळा घडलेलं नाही. पण आपण बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या बाया आहोत. जमा आणि खर्च दोन्ही बाजू बघायची आपल्याला सवय आहे. तशी ही तडजोड बघितली की दिसतं, बोलणी झाली ती भन्साळी, डॉ. खरे आणि सरकार यांच्यात. ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्या बायांच्या नावाने सगळं चाललं होतं, पण त्या बोलण्यात चिमूरच्या एकाही बाईचं नाव आढळत नाही. तुम्हाला काय हवं, कशाने तुमचं समाधान होईल, हे त्यांना विचारलं गेलं असतं तर त्यांनी चौकशीचा आग्रह सोडला असता का? याचं उत्तर आता कोणी देऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूला काय झालं बघा. आष्टी आणि चिमूरमध्ये अधिकारी आणि पोलीस मारले गेले, त्यासाठी खास न्यायालयं बसली. साक्षी झाल्या, कागद झाले, जन्मठेपा झाल्या, फाशीच्या शिक्षा झाल्या. अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. म्हणजे चौकशी कशी करायची हे सरकारला चांगलं माहीत होतं. एकाच आठवड्यातल्या दोन गुन्ह्यांपैकी एकाची चौकशी लंडनपर्यंत गेली आणि दुसऱ्याची चिमूरच्या वेशीबाहेर सुद्धा निघाली नाही. बाईवरचा अत्याचार हा लढाईत होतच असतो, तो काय मोजायचा, असा जो समज असतो, तो इथे स्पष्ट दिसतो.

या फाशीच्या कैद्यांसाठी जी बाई उभी राहिली, तिचं नाव प्रत्येक लेकीला माहीत असायला पाहिजे. नागपूरच्या अनसूयाबाई काळे. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत त्या उपाध्यक्ष झाल्या होत्या. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना फासावर जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांनी अतोनात खटपट केली. वकील, अर्ज, भेटी, लोकमत, सगळ्या बाजूंनी. गांधीजींनीही या कैद्यांसाठी शब्द टाकला. १९४५ मध्ये उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. अनसूयाबाई पुढे अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार म्हणून लोकसभेत गेल्या. आष्टी-चिमूरच्या कित्येक घरांतलं कुंकू या बाईच्या खटपटीमुळे राहिलं. अशा पद्धतीने बघितलं तर १९४२ नंतरच्या आपल्या भागातल्या शांततेचे दोन धागे बायांनी विणले. रमाबाईंनी जाऊन विचारलं आणि अनसूयाबाईंनी सूडाची फाशी थांबवायला धडपड केली.

सेवाग्राममधून असंच काम घेऊन बाया पुढे फार लांब गेल्या. थेट बंगालमध्ये.

ऑक्टोबर १९४६ मध्ये पूर्व बंगालच्या नोआखालीत भीषण दंगल झाली. आज तो भाग बांगलादेशात आहे. तिथे हिंदू थोडे, मुसलमान बहुसंख्य. खून झाले, घरं जळाली, जबरदस्तीने धर्म बदलले, बाया पळवल्या गेल्या. गांधीजी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामहून निघाले होते, ते पुन्हा इथे परतलेच नाहीत. नोव्हेंबरमध्ये ते नोआखालीला पोचले आणि त्यांनी आपल्या सोबत्यांना एकेका गावात एकेकटं राहायला पाठवलं. पोलीस सोबत नाही, मोठा जथा नाही. ज्या गावात दंगल झाली, त्याच गावात राहायचं.

या सोबत्यांत बाया होत्या. एक होत्या डॉ. सुशीला नय्यर, सेवाग्रामच्या डॉक्टर. त्यांनी चांगीरगाव इथे राहून आजाऱ्यांना औषधपाणी केलं. ज्यांचं घर जळालं त्यांना आणि ज्यांच्या घरातल्या पुरुषाने जाळलं त्यांनाही. ताप आलेलं लेकरू कोणाचं आहे हे डॉक्टरबाई विचारत नव्हत्या. याच सुशीलाबहन पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ मध्ये सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्यांनी उभं केलं. कस्तुरबा दवाखान्याच्या रांगेत आपण सगळ्या कधी ना कधी उभ्या राहिलो आहोत. ज्या बाईने तो वाढवला तिचे हात आधी नोआखालीत काम करून आले होते.

दुसऱ्या होत्या अम्तुस सलाम. पतियाळाच्या मुसलमान घराण्यातल्या, बापूंच्या आश्रमात मुलीसारख्या राहिलेल्या. त्या सिरंडी नावाच्या गावात राहिल्या. त्या गावातल्या देवळातली खड्गं दंगलीत पळवली गेली होती. त्यातलं एक परत मिळेना. अम्तुस सलाम यांनी त्यासाठी उपास धरला. बघा, एक मुसलमान बाई, हिंदूंच्या देवळातल्या खड्गासाठी, मुसलमान शेजाऱ्यांपुढे उपास करते आहे. तब्येत मुळात नाजूक. २५ दिवस झाले. खड्ग काही सापडलं नाही. पण २० जानेवारी १९४७ ला गांधीजी तिथे आले, गावच्या आणि आसपासच्या मुसलमान मुखियांनी लेखी वचन दिलं की हिंदू शेजाऱ्यांना त्यांच्या पद्धतीने जगू देऊ, त्यांच्या पूजेला हात लावणार नाही. तेव्हा उपास सुटला.

चिमूर आणि सिरंडी या दोन उपासांत आम्हाला एक मोठा फरक दिसतो. चिमूरच्या उपासाची तडजोड गावापासून लांब, मोठ्या माणसांत झाली. सिरंडीत तडजोड गावातच झाली. ज्यांना पुढे त्याच विहिरीवर पाणी भरायचं होतं, त्याच बांधावरून जायचं होतं, त्यांनी एकमेकांसमोर वचन दिलं. तडजोडीवर कोणाची सही आहे, ती कुठे बसून केली, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

नोआखालीत महिला परिषदेच्या अशोका गुप्ता यांनीही काम केलं, आपलं तान्हं लेकरू जवळ घेऊन. गुन्हा करणारा शेजारचाच असेल आणि त्याच्याच शेजारी पुढे राहायचं असेल, तर बाईला नाव घेणं किती अवघड जातं, हे अशा ठिकाणी राहिलेल्या बायांनाच कळलं. बाहेरून चार तास गाडीने येऊन जाणाऱ्या समितीला ते कळत नाही.

मग फाळणी झाली. पंजाबात दोन्हीकडे हजारो बाया पळवल्या गेल्या. हिंदू, शीख, मुसलमान, सगळ्या धर्मांच्या. दोन्ही सरकारांनी ठरवलं की या बाया शोधून परत आणायच्या. मृदुला साराभाईंनी या कामाची धुरा घेतली. अम्तुस सलाम यांनीही यात स्वतःला झोकून दिलं आणि पंजाबात राजपुऱ्याला कस्तुरबांच्या नावाने संस्था उभारून निर्वासितांमध्ये शेवटपर्यंत काम केलं. १९४९ मध्ये आपल्या देशाने पळवलेल्या व्यक्ती परत मिळवण्याचा कायदाच केला. काही वर्षांत दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार बाया शोधल्या गेल्या. हे काम लहान नव्हतं. कित्येक लेकी आपल्या मायला परत भेटल्या.

पण या कायद्यात एक मोठी उणीव होती. सापडलेल्या बाईला परत जायचं आहे की नाही, हे विचारण्याची तरतूदच त्यात नव्हती. कोणाला तिथे लेकरं झाली होती. कोणाला माहीत होतं की माहेरी आपल्याला उंबरठ्याच्या आत घेणार नाहीत. काहींना परत यायचं नव्हतं, तरी त्यांना आणलं गेलं. कायदा करताना संविधान सभेत पूर्णिमा बॅनर्जींसारख्या सदस्यांनी बाईच्या इच्छेचा मुद्दा काढला होता. तो मागे पडला. पळवून नेलं तेव्हाही तिला विचारलं नव्हतं, परत आणलं तेव्हाही विचारलं नाही. दोन्ही वेळा ती कोणाच्या तरी मानाची वस्तू होती.

मैत्रिणींनो, बाई गप्प बसते म्हणून तिचे हक्क बुडतात, असं आपल्याला नेहमी सांगतात. इतिहास तसं सांगत नाही. चिमूरची बाई बोलली. नोआखालीची बाई विचारणारी भेटली तेव्हा बोलली. छावणीतल्या बायांनी रडून, भांडून, पळून जाऊन आपलं म्हणणं सांगितलं. बोलणं होतं. पण जिथे निर्णय झाला तिथे ती बसलेली नव्हती, म्हणून तिचं बोलणं निर्णयात उतरलं नाही.

हे जगाला कळायला फार उशीर झाला. ३१ ऑक्टोबर २००० ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव एकमताने केला. त्यात पहिल्यांदा ठळकपणे म्हटलं गेलं की लढाईत बायांचं रक्षण झालं पाहिजे, आणि लढाई थांबवण्याच्या आणि नंतर देश उभा करण्याच्या बोलण्यातही बायांना जागा असली पाहिजे. चिमूरनंतर ५८ वर्षांनी.

ठराव झाला म्हणून जागा मिळतेच असं नाही. आफ्रिकेत लायबेरिया नावाचा लहान देश आहे. तिथे अनेक वर्षं यादवी चालली. २००३ मध्ये लेमा बोवी यांच्यासोबत तिथल्या साध्या बाया, बाजारात मासे-भाजी विकणाऱ्या सुद्धा, पांढरे कपडे घालून रोज रस्त्याच्या कडेला बसू लागल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र, उन्हात आणि पावसात. शेजारच्या घाना देशात अक्रा शहरात शांततेची बोलणी सुरू झाली, तिथेही त्या गेल्या. बोलणी नुसतीच लांबत चालली, तेव्हा त्या सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या. समझोता केल्याशिवाय आतल्या पुरुषांना बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. त्याच वर्षी करार झाला. २०११ मध्ये लेमा बोवींना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आपल्या देशाचाही यात थोडा वाटा आहे. २००७ पासून काही वर्षं भारताच्या महिला पोलिसांची पूर्ण तुकडी तिथे शांतिसेनेत होती. जगातली ती अशी पहिली तुकडी. त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात जायला पुढे आल्या.

आता कोणी म्हणेल, बाई, तू बंगालचं सांगितलं, आफ्रिकेचं सांगितलं, आपल्या गावात कुठे युद्ध चालू आहे? खरं आहे, युद्ध नाही. पण गावात भांडण पेटतं. मिरवणुकीवरून, झेंड्यावरून, पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्यावरून, मोबाईलवर आलेल्या एखाद्या चित्रावरून. दोन वस्त्या समोरासमोर येतात. पोलीस येतात, पुरुष धरले जातात किंवा रानात जातात, आणि घरात पुन्हा त्याच राहतात, बाया, म्हाताऱ्या आणि लेकरं. दुसऱ्या दिवशी मजुरीला जायचं कसं, पिठाच्या गिरणीवर जायचं कसं, हे त्यांनाच बघावं लागतं. मग चार दिवसांनी बैठक बसते, पुरुष बसतात, ‘आपसात मिटवलं’ असं ठरतं. त्या चार दिवसांत एखाद्या पोरीची छेड निघाली, एखाद्या बाईवर हात टाकला गेला, तर मिटवण्यात तेही मिटतं. कारण ते बोललं तर ‘पुन्हा वातावरण बिघडेल’. हेच शब्द १९४२ नंतरही वापरता आले असते.

म्हणून आजच्या बोलण्यातून चार गोष्टी गटाच्या बैठकीत न्या.

पहिली. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. पोलीस ठाण्यात सणावाराआधी शांतता समितीची बैठकही होते. आपल्या गावच्या समितीत बाया किती आहेत, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. यादीत नाव आहे पण बैठकीचा निरोपच येत नाही, असं असेल तर तेही विचारा. समिती नव्याने ठरते ती ग्रामसभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्या राज्याचा नियम आहे. ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. तिथे नावं ठरवा, आणि एका वस्तीची नव्हे, सगळ्या वस्त्यांतली ठरवा.

दुसरी. तंटामुक्ती समिती बांधाचं भांडण मिटवू शकते, शिवीगाळ मिटवू शकते. बलात्कार मिटवू शकत नाही. तो गंभीर गुन्हा आहे, त्यात गावाची तडजोड चालत नाही. गावाच्या शांततेसाठी जाऊ दे, असं कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी.

तिसरी. पोलिसात जायची भीती वाटते तेव्हा काही नियम माहीत असू द्या. गुन्ह्याची पहिली खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. खबरेची प्रत फुकट मिळते. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडित बाईचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, आणि होईल तोवर महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. त्या वेळी आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा वस्तीतली समाजकार्य करणारी व्यक्ती सोबत बसू शकते. गटाची ताई तिथे बसू शकते. रमाबाई तांबे नागपूरहून चिमूरला गेल्या, आपल्याला तर शेजारच्या आळीतच जायचं आहे. वकिलाचा खर्च कसा करायचा असं वाटलं तर लक्षात ठेवा, १९८७ च्या कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या बायांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, त्यातून आर्थिक मदत मिळते.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. गावात तेढ झाली की आपल्या गटांची बैठक बंद पडू देऊ नका. दोन वस्त्यांतल्या बाया एका सतरंजीवर बसून हप्ते भरतात, अशी गावात फार ठिकाणं उरलेली नाहीत. पुरुषांचे रस्ते वेगळे झाले तरी बचतीची तारीख सगळ्यांना सारखीच असते. त्या दिवशी हप्ता भरायला आलेल्या प्रत्येकीला विचारा, तुझ्याकडे काय झालं, तुला काय पाहिजे. नीट ऐका आणि नावाशिवाय, तिची परवानगी घेऊन, वहीत लिहून ठेवा. समितीच्या बैठकीत जाल तेव्हा ती वही हातात असू द्या.

आष्टी तालुक्यातल्या आणि चिमूरकडून सून म्हणून आलेल्या मैत्रिणींना आमची आणखी एक विनंती आहे. १९४२ पाहिलेल्या बाया आता फार थोड्या उरल्या. पण त्यांच्या लेकी, सुना, नाती आहेत. सासूने कधी चुलीपाशी सांगितलेलं असेल की पुरुष तुरुंगात असताना घर कसं चालवलं, नांगर कोणी धरला, दारात फौज आली तेव्हा पोरी कुठे लपवल्या. ते लिहून काढा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, तिच्या फोनमध्ये बोला. जे सांगायचं नसेल ते सांगू नका, तोही हक्क आहे. येत्या १६ ऑगस्टला शहिदांच्या नावांनंतर या आज्यांचंही कोणीतरी वाचावं, अशी आम्ही आपापल्या ग्रामसंघाकडून आष्टीच्या कार्यक्रमासाठी मागणी देणार आहोत. तुमच्याही ग्रामसंघाचा ठराव त्याला जोडा.